तुम्ही 'पोचलं' म्हणाला नाहीत

तायडे सर,

रविवारी तुमच्या शोकसभेत टाळ्या पडल्या. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं, सवयीने पडल्या. आपल्या वक्तृत्व मंडळात कुणी बोलून खाली बसलं की टाळ्या वाजवायच्या, हे हातांना इतकं पाठ झालंय की मी तुमच्याबद्दल बोलून खाली बसले आणि अख्खा हॉल वाजला. मग एकेकाच्या लक्षात आलं, की समोर तुमचा फोटो आहे, हार आहे, मेणबत्ती आहे. टाळ्या अर्ध्यावर विझल्या. कुणी हात मांडीवर ठेवले, कुणी ते नमस्कारासारखे जोडून घेतले. त्याच्या आधी आणखी एक झालं होतं. वेळ मोजायला बसणाऱ्या आपल्या देशमुखताई, त्यांनी माझी वेळ संपताच घंटी वाजवली. वाजवल्यावर स्वतःच जीभ चावली आणि घंटी पदराखाली लपवली. तुम्ही असता तर म्हणाला असता, "बरोबर आहे तिचं. मी मेलो, घड्याळ नाही मेलं."

माझं भाषण चांगलं झालं असं सगळे म्हणाले. जिना उतरताना दोघी-तिघींनी हात हातात घेतले, एकीने तर "सर ऐकत असतील गं" असंही म्हटलं. सगळा घोटाळा तिथेच आहे. तुमच्यावर केलेलं भाषण सगळ्यांना आवडावं, ही गोष्टच मुळात संशयास्पद आहे. म्हणून पुन्हा लिहायला बसले. यावेळी जे रविवारी बोलले नाही ते.

तुमचा चेहरा पाहण्याच्या कितीतरी आधी मी तुमचा आवाज ओळखत होते. कॉलेजला होते तेव्हा रोज वलगावहून अमरावतीला यायचे आणि संध्याकाळी परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर उभी राहायचे. "वलगावमार्गे परतवाड्याकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागत आहे." आम्ही मुली त्या आवाजाची नक्कल करायचो. तो माणूस वाहतूक नियंत्रक आहे, त्याला मिशी आहे, तो खिशाला दोन पेनं लावतो, हे काही माहीत नव्हतं. पुढे मी शाळेत विज्ञान शिकवायला लागले. मुलांसमोर तोंड धडाधड चालायचं आणि पालकसभेत उभी राहिले की घसा असा कोरडा पडायचा की टेबलावर पाण्याचा ग्लास नसेल तर एक वाक्य फुटायचं नाही. कुणीतरी सांगितलं, रविवारी सकाळी अमुक शाळेच्या हॉलमध्ये बोलायला शिकवतात, जाऊन बघ. दारातून आत पाऊल टाकलं आणि तो आवाज म्हणाला, "या, समोर बसा. मांगं बसाले इथं कोणी येत नाही." मी जागच्या जागी हसले. मला वाटलं, आता फलाट क्रमांक सांगतील.

आपल्या मंडळाची रीत तुमची होती. भाषण झालं की बोलणाऱ्याने खाली बसायचं नाही, खुर्चीची पाठ धरून उभं राहायचं. अभिप्राय देणाऱ्याने त्याच्यासमोर उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांच्या देखत सांगायचं. आणि ज्याला सांगितलं त्याने उत्तर द्यायचं नाही. "माझा घसा बसला होता", "तयारीला वेळ मिळाला नाही", काही नाही. आभारसुद्धा नाहीत. एकच शब्द म्हणायचा, 'पोचलं'. स्टँडवर एका गावाहून दुसऱ्या गावाला फोनवर निरोप द्यायचात तेव्हा पलीकडच्याने एवढंच म्हणायचं असे, ते तुम्ही उचलून इथे आणलंत. पटलं का, आवडलं का, राग आला का, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पोचलं एवढं कळलं की सांगणाऱ्याचं काम संपलं. भाषण मराठीत नीटनेटकं करणारे तुम्ही, अभिप्राय द्यायला उभे राहिलात की थेट वऱ्हाडीत उतरायचा. तेव्हाच आम्हाला कळायचं की आता काही खरं नाही.

माझी आई गेली त्यानंतर मी तिच्यावर बोलले होते. आमच्या मळ्यात झेंडू असायचा, मेथी असायची, आई पहाटे फुलं तोडून हार ओवायची आणि तिच्या बोटांना कायम झेंडूचा वास असायचा. दवाखान्यात शेवटी तिचा हात हातात घेतला तर वास औषधाचा आला, या वाक्यावर मला रडू फुटलं. हॉल रडला. तुम्हीही चष्मा पुसलात. काही महिन्यांनी मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात, बाहेरचे पाहुणे असताना, सगळ्यांनी आग्रह केला म्हणून मी तेच भाषण पुन्हा केलं. पुन्हा रडले, पुन्हा हॉल रडला. अभिप्रायाला तुम्ही उभे राहिलात.

"प्रणिता, मांगच्या वेळी तू रडली अन् आमीबी रडलो. आज तू त्याच वाक्यावर थांबली. रडू यायच्या आदी थांबली. तुले ठाऊक होतं का इथं रडू येते. आईसाठी रड बापा, कितीबी रड. पन रडण्याले थांबा देऊ नको."

सर, त्या क्षणी मी तुमचा जितका द्वेष केला तितका आयुष्यात कुणाचा केला नसेल. पाहुण्यांसमोर, माझ्या मेलेल्या आईवरून. डोळ्यांत बघून म्हणायचं असतं, मी तुमच्या खिशातल्या पेनांकडे बघून 'पोचलं' म्हटलं आणि ग्लास उचलून सगळं पाणी संपवलं. घरी येऊन वडिलांना सांगितलं, पुन्हा जाणार नाही. आणि जेवताना घास हातात धरून बसले, कारण माणूस खरं बोलला होता. दुसऱ्यांदा मी खरंच त्या वाक्याची वाट बघत होते.

पुढच्या रविवारी तुमचाच फोन आला. माफी नाही, समजूत नाही. "नवाच्या आदी ये. हॉल रिकामा राह्यते." मी आले. तुम्ही शेवटच्या रांगेत बसलात, मला स्टेजवर उभं केलंत आणि म्हणालात, बोल, आईवरच बोल, पण ती जिवंत असतानाचं. जिथे ऐकू येईना तिथे हात वर करायचात, जिथे खोटं वाटेल तिथे चष्मा काढायचात. असे किती रविवार गेले. चष्मा काढला की मला इतका राग यायचा की वाक्य आपोआप सुधारायचं. त्या रिकाम्या हॉलमध्ये मी बोलायला शिकले. पुढे शाळेच्या व्यवस्थापनासमोर मुलींच्या स्वच्छतागृहाचा विषय काढला तेव्हा समोर सगळे संचालक होते आणि मला मात्र शेवटच्या रांगेत तुमचा चष्मा दिसत होता. स्वच्छतागृह झालं. हे तुम्हाला सांगितलं होतं तेव्हा म्हणालात, "त्यात पाणी येते काय, थे पाह्य आदी." कौतुक करायला तुमच्या घशाशी काहीतरी अडायचंच.

आपलं भांडण मात्र कधी मिटलं नाही. मंडळ सुटलं की खालच्या गाडीवर दह्यातला गिला वडा खाताना ते रोज नव्याने सुरू व्हायचं. माझं म्हणणं, चांगलं हॉलमध्ये सांगा, वाईट बाहेर सांगा, इथे गाडीवर, प्लेट हातात असताना. तुमचं म्हणणं, बाहेर सांगितलं की ती कानगोष्ट होते, माणूस घरी जाईस्तोवर तिला आपल्या सोयीने वळवून टाकतो. "हॉलमधी सांगतलं त पन्नास कान साक्षीले राह्यतात." मी म्हणायचे, पन्नास कान असले की माणसाला फक्त लाज ऐकू येते, बाकी काही ऐकू येत नाही. तुम्ही म्हणायचा, "दही टाक अजून."

त्या भांडणाला एक नाव होतं, सुनीलभाऊ. भाजीबाजारात त्यांचा गाळा. व्यापाऱ्यांच्या निवडणुकीला उभं राहायचं म्हणून बोलायला शिकायला आले होते. पहिलंच भाषण, आवाज टिपेला. तुम्ही म्हणालात, "सुनील, तू बोलून नाही राह्यला, हर्रास करून राह्यला. सामोर माणसं आहेत, वांगे नाही." बाजारातला लिलाव डोळ्यांसमोर आला आणि हॉल फुटला हसून. मीही हसले. सुनीलभाऊ 'पोचलं' म्हणाले, खाली उतरले, गाडीला किक मारली आणि पुन्हा आले नाहीत. निवडणुकीलाही उभे राहिले नाहीत. मी तुम्हाला किती वेळा म्हटलं, एक फोन करा. तुमचं ठरलेलं उत्तर, "मी खोटं बोललो काय?" नाही. "मंग?" मग एवढंच सर, की सगळे हसले. "हसले थे त्यायचं पाप." मला बोलावलंत तसं रिकाम्या हॉलमध्ये त्यांना का बोलावलं नाहीत, हे मी शेवटपर्यंत विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात, हे जेवढं मला माहीत आहे तेवढंच तुम्हाला असेल.

आणखी एक गोष्ट मी कधी बोलले नाही. तुम्हाला खरं कुणीच सांगत नव्हतं. तुमचं भाषण झालं, तुम्ही खुर्ची धरून उभे राहिलात, की जो कुणी अभिप्रायाला उठेल तो म्हणायचा, "सरांबद्दल मी पामर काय बोलणार!" तुम्ही चिडायचा. "हा काय अभिप्राय झाला? बसा खाली." पण चिडताना मिशीखाली हसू असायचं. ते मी पाहिलंय, सर. इतक्या वर्षांत तुम्हाला 'पोचलं' म्हणायची पाळीच आली नाही.

मग तुम्हाला लकवा आला. अमरावतीचं बिऱ्हाड आवरून तुम्ही आणि काकू अकोल्याला लेकीकडे गेलात. मी भेटायला आले तेव्हा तुमचं तोंड डावीकडे ओढलेलं होतं, शब्द एकमेकांत मिसळत होते आणि काकू दर वाक्याचा अर्थ सांगत होत्या. तुम्हाला ते अजिबात खपत नव्हतं. काही महिन्यांनी फोनवर म्हणालात, अमरावतीला येतो, बोलायचं आहे. "अभिप्राय तू देजो. दुसरं कोनी नाही." हे वाक्य मात्र मला स्पष्ट कळलं.

काकूंनी तुम्हाला अकोल्याहून बसने आणलं. इतकी वर्षं मंडळ चाललं, काकूंनी हॉल पहिल्यांदा त्या दिवशी पाहिला. शेवटच्या रांगेत, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. तुम्ही काठी टेकत स्टेजवर चढलात तेव्हाच सगळे उभे राहिले. आणि तुम्ही तुमचं ते भाषण काढलंत, लग्नाच्या वऱ्हाडाचं. नवरदेवासकट वऱ्हाड चुकीच्या गाडीत बसतं आणि तुम्ही भोंग्यावरून नवरदेवाला हाका मारता, ते. परतवाडा, दर्यापूर, पुन्हा परतवाडा. तुमचं सगळ्यात गाजलेलं भाषण. तोच वेग, तेच चढउतार. लोक पोट धरून हसत होते, अगदी जिथे हसायचं तिथेच. पण मी ऐकत होते तर मला शब्दच लागत नव्हते. मग डावीकडे पाहिलं. मंडळात नुकतीच आलेली एक मुलगी बसली होती. ती हसत नव्हती. सगळे का हसतायत ते तिला कळत नव्हतं, ती एकदा तुमच्याकडे बघायची, एकदा आमच्याकडे. तेव्हा लक्षात आलं, की आम्ही ऐकून हसत नाही आहोत, आठवून हसतो आहोत.

भाषण संपलं. पुन्हा सगळे उभे, टाळ्या थांबेनात. देशमुखताई रडत होत्या. तुम्ही खुर्चीची पाठ धरलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. मला पळून जायचं होतं. 'सर, तुमची जिद्द', एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. हॉलला तेच हवं होतं. पण तुम्ही मला अकोल्याहून सांगून ठेवलं होतं, आणि ते 'जिद्द' ऐकायला नाही, असं मी धरून चालले.

मी म्हटलं, "सर, ज्यांना हे भाषण पाठ आहे ते हसले. ज्यांनी आज पहिल्यांदा ऐकलं त्यांना काही कळलं नाही. तुम्ही जुन्या तायडे सरांची नक्कल करत होता. तुमचं तोंड बदललंय, भाषण बदललं नाहीत. सावकाश बोला. वाक्यं लहान करा. बसून बोला. ते जमेपर्यंत स्टेजवर येऊ नका."

शेवटचं वाक्य मी ठरवलं नव्हतं, ते आलं. रोज मनात सगळं पुन्हा बोलून बघते आणि बाकीचं एकही वाक्य बदलावंसं वाटत नाही, फक्त त्याच्यापाशी अडखळते. ते तुमच्यासाठी होतं, की मी किती खरं बोलते हे पन्नास कानांना ऐकवण्यासाठी होतं? तुम्ही असता तर चष्मा काढला असता का?

सगळ्यांचे डोळे माझ्यावर होते आणि त्यात माया नव्हती. तुम्ही उभे होतात. तुमचा ओठ हलला. मी वाट पाहिली. एक शब्द, सर. तुमचाच शब्द. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग खाली बघितलंत, काठी शोधलीत. काकू मागून आल्या, तुमचा दंड धरला आणि चहाला न थांबता तुम्ही दोघं गेलात.

मी स्वतःला पुष्कळ समजावलं. 'प' म्हणायला ओठ मिटावे लागतात, तुमचे एका बाजूने मिटत नव्हते, म्हणून राहिलं असेल. विज्ञानाची बाई मी, कारण बरोबर शोधलं. पण त्याच भाषणात तुम्ही 'परतवाडा' किती वेळा म्हणाला होतात. पुसट, पण म्हणाला होतात.

नंतर फोन केले. सकाळी केला, काकू म्हणाल्या झोपलेत. दुपारी केला, झोपलेत. मग मीच कमी केले. मला वाटलं, राग ओसरेल, नवं भाषण तयार होईल आणि एका रविवारी काठीचा आवाज जिन्यावर येईल. आला तो मंडळाच्या ग्रुपवर निरोप, की दुसरा झटका आला आणि सर गेले. खाली जोडलेल्या हातांची रांगच्या रांग.

अकोल्याला आले तेव्हा त्रिसरण होऊन गेलं होतं, माणसं पांगत होती. काकू पांढऱ्या साडीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले. त्यांनी माझ्याकडे न बघताच विचारलं.

"काहून सांगतलं तू त्यायले? सारे लोकं टाळ्या वाजवून राह्यले होते. तू एकटी खोटं बोलली असती त काय बिघडत होतं तुयं?"

मी पिशवीतली पाण्याची बाटली चाचपली.

"घरी आल्यापासून बोललेच नाही मानूस. मानेनं हो, मानेनं नाही. मले वाटे, दुखत असन. मंग समजलं, बोलाचंच नाही त्यायले." त्या रडत नव्हत्या. हिशोब विचारावा तसं विचारत होत्या. "काहून, थे सांग मले."

कुणीतरी चहा आणला आणि ते तिथेच राहिलं.

शोकसभेला काकू येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या एकट्या, अकोल्याहून बसने आल्या आणि त्याच शेवटच्या रांगेत बसल्या. दाराजवळ सुनीलभाऊ होते. इतक्या वर्षांनी. केस पिकलेत त्यांचे. मी स्टेजवर गेले आणि बोलले. तुमची शिस्त बोलले, तुमचा आवाज बोलले, स्टँडवरच्या गमती सांगितल्या. "सरांनी सगळ्यांना खरं सांगितलं, पण कधी कुणाचं मन दुखावलं नाही," असंही म्हटलं, आणि त्या वाक्याला सुनीलभाऊ चप्पल शोधायला उठले. त्या दिवसाबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. शेवटी तुमचा रिकामा हॉल, तुमचा वर होणारा हात आणि आता तो हात वर होणार नाही, इथे मला रडू फुटलं. मग घंटी, मग टाळ्या, ते सुरुवातीला सांगितलंच.

काकूंना स्टँडवर सोडायला मी गेले. अकोल्याच्या गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. भोंग्यावरून घोषणा झाली की काकू बोलता बोलता थांबायच्या, ती संपली की पुढचं वाक्य उचलायच्या. तुमच्याबरोबर राहून लागलेली सवय असणार.

"चांगलं बोलली," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली.

"पन रडाच्या आदी तू पान्याचा गिलास जवळ घेतला."

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"पाह्यलं मी. मांगं बसलं की सारं दिसते. आदी गिलास सरकवला, मंग रडू आलं तुले." तेवढ्यात यवतमाळच्या गाडीची घोषणा झाली. काकू थांबल्या. घोषणा संपली. "अन् थो सुनील उठून गेला. त्याच्या सामोर म्हटलं तू, का त्यायनं मन दुखवलं नाही कोनाचं. मायं दुखवलं त्यायनं. तुयं दुखवलं. साऱ्यायचं दुखवलं. थे काहून नाही सांगतलं? अन् त्या दिवसाचं काहीच बोलली नाही तू. मी त्याच्यासाठीच आली होती इतक्या दूर. म्हटलं, मले घरी नाही सांगतलं, तिथं त सांगन. तिथं खरं बोलतात म्हने तुमी लोकं."

धरायला खुर्चीची पाठ नव्हती. मी बाकाची कड धरली, काकूंच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हटलं, "पोचलं."

"हे घरीबी आनलं होतं त्यायनं," काकू म्हणाल्या. "भाजीत मीठ जास्त झालं का सांगत, अन् मीनं म्हनावं पोचलं. मी म्हनो, खाऊ नका मंग." त्या थोड्या हसल्या आणि हसू तसंच गेलं. "त्या दिवशी तुले म्हटलं काय त्यायनं? मी मांगं होती, मले आयकू नाही आलं."

"नाही म्हटलं, काकू."

"मलेबी नाही म्हटलं कदी. इतका संसार झाला, मी का कमी सांगतलं असन?" मग पिशवीचा बंद सारखा करत म्हणाल्या, "मोरीत नळ सोडून बसत जाये सकाळी. दार लावून. अकोल्यात पानी कदी येते तुले मालूम नाही काय, मी डरम भरभरून ठेवो अन् हा मानूस टाकीचा नळ सोडून देये. मी दार वाजवो. आतून आवाज येये त्यायचा."

"काय बोलत होते?"

"काय मालूम. नळ चालू राहे ना."

अकोल्याची गाडी लागल्याची घोषणा झाली. काकूंनी ती पूर्ण ऐकली आणि मगच पिशवी उचलली. त्या खिडकीत बसल्यावर मी खालून विचारलं, पुढच्या रविवारी पुन्हा याल का. मी पुन्हा बोलणार आहे, त्या दिवसाचं. अभिप्राय तुम्ही द्यायचा. काकूंनी पिशवी मांडीवर नीट ठेवली. ड्रायव्हर चढला तेव्हा म्हणाल्या, "सुनीललेबी बलाव. अन् गिलास ठिवू नको."

सुनीलभाऊंच्या गाळ्यावर मी काल जाऊन आले. त्यांनी येतो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, एक जुडी मेथी बळेच पिशवीत टाकली. तर रविवारी मी हेच बोलणार आहे, सर, हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. आपल्या भांडणात तुम्ही जिंकलात असं समजू नका. मी जे हॉलमध्ये सांगितलं ते गाडीवर, तुमच्या हातात प्लेट देऊन सांगितलं असतं, तर तुम्ही आज काकूंशी बोलत असतात की नसतात, हे मला माहीत नाही. काकूंनीही मला सगळ्यांसमोर नाही, स्टँडच्या बाकावर सांगितलं, आणि ते पोचलं.

आणि नळाचं. नळ सोडून तुम्ही नवं भाषण घोकत होतात, लहान लहान वाक्यांचं, सावकाश, असं मी धरलं तर मला आज रात्री झोप लागेल. मला शिव्या देत होतात, असंही असेल. रडत असाल. ज्या माणसाने आम्हाला शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला शिकवलं, तो कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून पाणी सोडून बसला, एवढंच मला माहीत आहे. त्यातून आपल्याला बरं वाटेल ते उचलायचं नाही, ते तुम्हीच माझ्या आईवरून मला शिकवलंत. तुम्ही 'पोचलं' म्हणाला नाहीत, सर. रविवारी मी खुर्चीची पाठ धरून उभी राहीन, आणि म्हणाला नाहीत, असंच सांगेन.